संध्याकाळी फोन करतो

शास्त्रपाठ : उत्पत्ती 40:9-23, मत्तय 5:33-37, 2 करिंथ 1:15-22





कोणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, अशी आपली जुनी रीत आहे. उंबऱ्यावर चपला घालता घालता आपण 'येतो हं' म्हणतो आणि घरचेही 'या' म्हणतात. दोघांनाही ठाऊक असते की हा निरोप आहे. म्हणून 'येतो' म्हणून गेलेल्या पाहुण्याची वाट पाहात कोणी दारात बसून राहात नाही.

आजकाल या 'येतो'च्या जोडीला आणखी एक वाक्य आपल्या तोंडात बसले आहे. 'बरं, मी नंतर फोन करतो.' बोलणे आवरते घ्यावयाचे असले, पलीकडच्या माणसाच्या प्रश्नाला चटकन उत्तर सुचत नसले, किंवा दारात दुसरे कोणी येऊन उभे राहिले, की आपण हे वाक्य उच्चारून मोकळे होतो. आपल्या लेखी तो निरोपच असतो. परंतु ऐकणाऱ्याच्या लेखी तो निरोप नसतो, ते वचन असते. तो आपले काम बाजूला ठेवतो, फोन जवळ ओढून घेतो आणि वाट पाहू लागतो. या वाट पाहण्याविषयी, आणि ती पाहावयास लावणाऱ्या आपल्या जिभेविषयी, आज देवाच्या वचनाच्या प्रकाशात थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

टेलिफोनची सुरुवातच मुळी एका हाकेने झाली. 10 मार्च 1876 रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दुसऱ्या खोलीतील आपल्या मदतनीसाला, वॉटसनला, तारेवरून बोलावून घेतले. शब्द स्पष्ट ऐकू आले आणि वॉटसन लगबगीने येऊन समोर उभा राहिला. हाक गेली, आणि हाक ऐकणारा आला. एवढ्यावरच या यंत्राची सारी किंमत आहे. हाक गेली आणि कोणीच आले नाही, तर तार काय आणि बिनतारी काय, सारखेच.

आपल्या देशात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे 1882 साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तेथून सामान्य माणसाच्या घरात फोन येण्यास शंभर वर्षे लागली. आमच्या लहानपणी आमच्या आळीत एकाच घरी फोन होता. आळीतील निम्मे लोक आपल्या पत्त्याखाली त्याच घरचा नंबर देत आणि पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरे लिहीत. कोणाचा ट्रंक कॉल आला की त्या घरचा मुलगा धावत येऊन सांगे, आणि हातातले पीठ तसेच ठेवून बायका पदराला हात पुशीत धावत. गावाबाहेर फोन करावयाचा तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवावा लागे. मग तास तास थांबावे लागे. सरळ नंबर फिरवून दुसऱ्या शहरी बोलण्याची एस.टी.डी.ची सोय देशात प्रथम 1960 साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान झाली, परंतु लहान गावांपर्यंत ती पोहोचावयास आणखी पुष्कळ वर्षे गेली. मग पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. बूथ आली, 1995 च्या जुलैत मोबाइल आला, आणि 2013 च्या जुलैत तारखात्याने शेवटची तार स्वीकारून ते दार कायमचे लावून घेतले. आज भाजी विकणाऱ्या बाईपासून रविवारच्या शाळेतील मुलापर्यंत प्रत्येकाच्या हाती फोन आहे.

इतके सारे झाले, तरी वाट पाहणे काही कमी झाले नाही. उलट ते अधिक झोंबते. पूर्वी फोन आला नाही तर 'लाइन लागली नसेल' असे म्हणून मनाची समजूत घालता येत असे. आता आपला निरोप पलीकडे पोहोचला, त्याने तो वाचला, हे दोन निळ्या खुणा आपल्याला सांगतात. वाचले आणि उत्तर दिले नाही, एवढे स्पष्ट कळल्यावर समजूत तरी काय घालावी?

आपल्या मराठी मंडळ्यांतून ही गोष्ट विशेष जाणवते. बेळगावची लेक बडोद्याला दिलेली, हैद्राबादचा मुलगा पुण्यात, इंदूरचे भाऊ गोव्यात, नातवंडे आखाती देशांत. आपली घरे अशी दूर दूर पसरलेली आहेत. अनेक घरांत आज दोनच म्हातारी माणसे राहतात, आणि रविवारची उपासना आटोपून आल्यावर त्यांचा उरलेला सारा दिवस एका फोनभोवती फिरत असतो.

आता आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना संकोच होतो, परंतु दुसऱ्याचे दोष दाखविण्याआधी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहावे, असे आपल्या प्रभूनेच शिकविले आहे.

आमच्या मंडळीत एक वयस्क काकू आहेत. एका नातवाला त्यांनीच वाढविले. तो एस.एस.एल.सी. पास झाला आणि पुढील शिक्षणासाठी त्याला शहरातील एका ख्रिस्ती वसतिगृहात ठेवावयाचे ठरले. तेथे बाप्तिस्म्याचा मूळ दाखला मागितला होता. मुलाचा बाप्तिस्मा दुसऱ्या गावच्या मंडळीत झालेला. तेथील एक पंच आमच्या ओळखीचे. सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "काकू, काळजी करू नका. त्यांना विचारतो आणि संध्याकाळी तुम्हांला फोन करतो."

आम्ही विचारले, हे खरे. त्याच दुपारी विचारले. उत्तर आले की जुने रजिस्टर सध्या हाताशी नाही, आठ-पंधरा दिवस तरी दाखला मिळणार नाही. संध्याकाळी आम्ही फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. 'नाही' कसे सांगावे? उद्या आणखी एखादा मार्ग निघेल, मग चांगली बातमीच सांगू, असे म्हणून आम्ही तो दिवस ढकलला. मंगळवारही तसाच गेला. बुधवारी तर आम्हांस त्यांचा नंबर पाहण्याचीही लाज वाटू लागली. जितका उशीर होई तितकी लाज वाढे, आणि जितकी लाज वाढे तितका उशीर. पुढच्या रविवारी उपासना संपल्याबरोबर आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. व्यासपीठावरून वचन सांगणारा माणूस एका म्हाताऱ्या बाईची नजर चुकविण्यासाठी मागच्या दाराने गेला, हे येथे लिहून ठेवणे आम्हांस जरूर वाटते.

अखेर सोमवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या घरात फोनला रेंज फक्त एका खिडकीत मिळते. खिडकीच्या चौकटीत फोन उभा करून ठेवलेला होता आणि खाली एक स्टूल मांडलेले होते. स्टुलावर निवडावयाच्या तांदळाचे सूप होते. आठवडाभर त्यांची बैठक तेथेच होती. मग सारे समजले. त्याच शहरात दुसरेही एक वसतिगृह होते, तेथे सध्याच्या पाळकसाहेबांचे पत्र पुरत होते. तो अर्ज काकूंनी भरून पाकिटात घालून ठेवला होता. त्याची शेवटची तारीख बुधवारची होती. आमचा फोन येणार म्हणून त्यांनी तो पाठविला नाही.

काकू रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी उठून दुसरीकडे गेले असते. तुम्ही फोन करतो म्हणाला, म्हणून बसून राहिले."

त्या मुलाने ते सारे वर्ष पहाटे साडेपाचची एस.टी. पकडून शहरात जाऊन काढले. रात्री आठला तो घरी येई. पावसाळ्यात कधी नऊ होत. आमच्या एका न केलेल्या फोनची ही किंमत, आणि ती आम्ही दिली नाही, एका सोळा वर्षांच्या मुलाने दिली.

प्रियहो, असे वाट पाहणारे माणूस पवित्र शास्त्रात आपल्याला प्रथमच भेटत नाही. योसेफाकडे पाहा. तो निरपराध असून मिसर देशाच्या बंदीखान्यात पडला होता. फारोच्या प्यालेबरदारांच्या नायकाला स्वप्न पडले, योसेफाने त्याचा अर्थ सांगितला, आणि त्याच्याकडे एकच मागणे केले : तुझे भले झाले म्हणजे माझी आठवण ठेव आणि फारोच्या कानावर माझी गोष्ट घाल. नायकाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. परंतु ज्याने आपल्या दुःखात आपल्याला उभारी दिली त्याचे एवढे मागणे ऐकून कोणी मान हलविल्याशिवाय राहील काय? तिसऱ्या दिवशी फारोच्या वाढदिवशी नायक आपल्या जागी परत गेला. त्या दिवशी बंदीखान्यात योसेफाने दाराच्या प्रत्येक आवाजाकडे कान दिला असेल. दुसऱ्या दिवशीही दिला असेल. शास्त्र मात्र फार थोडक्या शब्दांत सांगते की नायकाला योसेफाची आठवण राहिली नाही, तो विसरून गेला.

आणि त्यानंतरचा अध्याय सुरू होतो तो पुरी दोन वर्षे लोटल्यावर. फारोपुढे उभा राहिला तेव्हा योसेफ तीस वर्षांचा होता. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतची, तरण्याताठ्या वयातील दोन वर्षे, दुसऱ्या एका माणसाच्या विसराळूपणामुळे त्याने कोठडीत काढली. देवाने पुढे त्या वर्षांचेही सोने केले, हे खरे. परंतु देवाने चांगले घडविले म्हणून नायकाचा दोष दोष राहात नाही, असे नाही. तो स्वतःच फारोपुढे म्हणाला की आज मला माझे अपराध आठवतात. त्याने त्याला विसर म्हटले नाही, अपराध म्हटले. आपणही या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावयास शिकले पाहिजे.

आपण सांगितल्याप्रमाणे फोन का करीत नाही? आम्ही आमच्याच मनाला हा प्रश्न विचारला, तेव्हा तीन उत्तरे मिळाली.

1. पहिले कारण, आपले भले झालेले असते. नायक बंदीखान्यात होता तोवर योसेफ त्याच्याजवळ होता. राजवाड्यात गेल्यावर बंदीखाना मागे पडला. ज्याचे काम अडलेले असते त्याला दिवस मोठा असतो, ज्याचे अडलेले नसते त्याचा दिवस पाहता पाहता सरतो. आपली घाई आपल्याला मोठी दिसते, आणि दुसऱ्याची निकड आपल्याला दिसतच नाही.

2. दुसरे कारण, माणूस पाहून आपण फोन करतो. साहेबाला 'पाच मिनिटांत करतो' म्हटले तर चार मिनिटांत करतो. कामवाल्या बाईने, रिक्षावाल्याने, मंडळीतील एखाद्या गरीब विधवेने फोनची वाट पाहिली तर त्यात विशेष काय, असे आपण तोंडाने म्हणत नाही, परंतु वागतो तसेच. शेजाऱ्याला देण्यासारखे आपल्याजवळ असताना 'जा, उद्या ये' असे म्हणून त्याला परत पाठवू नये, अशी शिकवण नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. देण्यासारखे म्हणजे नेहमी पैसेच नव्हेत. उत्तर हेही देणेच आहे. ते आपल्या खिशात असताना दुसऱ्याला थांबवून ठेवणे हे त्याचे देणे थकविणेच होय.

3. तिसरे कारण आमचे, आणि आम्हांस वाटते ते पुष्कळांचे असावे : 'नाही' म्हणण्याचे भय. चांगले दिसण्याची आपल्याला इतकी हौस असते की होकार आपण लगेच देतो आणि नकार मुकाट्याने देतो. फोन न करणे हाच आपला नकार. समोरच्याने तो आपला आपण समजून घ्यावा, अशी आपली इच्छा. प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतात, द्राक्षमळ्यात जातो म्हणून न गेलेला मुलगा असाच होता. बापापुढे त्याने किती गोड तोंडाने होकार दिला! आणि मळा तसाच पडून राहिला. डोंगरावरील प्रवचनात प्रभू शपथा वाहण्यास मना करतो आणि शिकवितो की होकार तेवढा होकार असावा, नकार तेवढा नकार असावा, यापरते जे काही ते वाईटापासून असते. या वचनातील होकाराचा अर्धा भाग आपल्याला पाठ असतो. परंतु नकारही तेवढाच स्वच्छ असावा असे प्रभू सांगतो, तिकडे आपले लक्ष जात नाही. वेळेवर सांगितलेले 'नाही' ही प्रीतीची कृती आहे. ते ऐकून माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकतो.

आता येथे कोणी म्हणेल, माणसाच्या हातात सारेच असते काय? फोन करतो म्हटले आणि घरी कोणी आजारी पडले, तर? या प्रश्नाचे उत्तर प्रेषित पौलाच्या उदाहरणात मिळते. करिंथच्या मंडळीला त्याने सांगितले होते की मासेदोनियाला जाताना तुमच्याकडे येईन व परतताना पुन्हा येईन. तो बेत बदलला. करिंथात लगेच कुजबुज सुरू झाली : हा माणूस एका तोंडाने हो म्हणतो आणि त्याच तोंडाने नाही म्हणतो, याच्या शुभवर्तमानावर तरी विश्वास कसा ठेवावा? पौलाने ही गोष्ट क्षुल्लक मानली नाही. त्याने पत्र लिहिले, आपण का आलो नाही ते उघड सांगितले, तुमच्यावर दया म्हणून आलो नाही याला देवाला साक्षी ठेवले. जाता आले नाही तर त्याने निदान कळविले. आणि तेवढ्यावर न थांबता तो त्यांना एका मोठ्या सत्यापर्यंत घेऊन गेला : देवाची जितकी म्हणून अभिवचने आहेत त्या सर्वांचा होकार ख्रिस्तामध्ये आहे. पाहा, एका चुकलेल्या भेटीच्या तक्रारीतून नव्या करारातील एवढे मौल्यवान वचन निघाले! परंतु पौलाला हे का लिहावे लागले, तेही ध्यानात घ्या. आपल्या लहान शब्दावरचा लोकांचा विश्वास उडाला, तर आपल्या मुखातून येणाऱ्या मोठ्या शब्दावरचाही उडतो, हे त्याला ठाऊक होते. जो सेवक 'संध्याकाळी फोन करतो' म्हणून करीत नाही, त्याने रविवारी 'प्रभू पुन्हा येणार आहे' असे सांगितले, तर ऐकणाऱ्याने ते कोणत्या कानाने ऐकावे?

म्हणून काही साध्या गोष्टी येथे सुचवितो. यांत नवे काही नाही. घरात मुलांदेखत पाळल्या तर मुलेही पाळतील.

फोन केल्यावर आधी आपले नाव सांगावे आणि 'आता बोलावयास सवड आहे काय?' असे विचारावे. म्हाताऱ्या माणसांना आवाज चटकन ओळखू येत नाही. 'ओळखा पाहू कोण' हा खेळ त्यांच्याशी खेळू नये. जेवणाच्या वेळी व रात्री उशिरा, खरोखरीची निकड असल्याखेरीज फोन करू नये, कारण अवेळी वाजलेल्या घंटेने म्हाताऱ्यांचा जीव दचकतो. भेटावयास आलेला माणूस समोर बसलेला असताना फोनवर लांबण लावू नये. एकाने विश्वासाने सांगितलेले दुःख 'प्रार्थनेसाठी' म्हणून दहा जणांना कळवू नये. आणि लहान मुलाच्या हाती फोन देऊन 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' असे कधीही सांगू नये. त्या एका वाक्यात मूल जे शिकते, ते रविवारच्या शाळेच्या वर्षभराच्या पाठांनीही पुसले जात नाही.

'नंतर फोन करतो' असे म्हणावयाचे असेल तर केव्हा ते सांगावे. सांगितले की लिहून ठेवावे. त्या वेळेपर्यंत उत्तर मिळाले नाही, तरी फोन करावा आणि 'अजून उत्तर मिळालेले नाही' एवढेच सांगावे. उत्तर 'नाही' असेल तर त्याच दिवशी सांगावे. करणे शक्य नसेल तर मुळात म्हणूच नये. आणि चुकले असेल, तर 'रेंज नव्हती', 'बॅटरी उतरली होती' अशा सबबी जुळवीत बसू नये. 'चुकलो, क्षमा करा' हे शब्द बोलावयास कमी वेळ लागतो.

परंतु, बंधुभगिनींनो, आपण केवळ वाट पाहावयास लावणारे नाही. आपण वाट पाहणारेही आहो. तेव्हा त्या बाजूचाही विचार केला पाहिजे.

लांबणीवर पडलेली आशा मनाला आजारी करते, असा शलमोनाच्या बोधाचा आशय आहे, आणि तो अनुभवाने खरा ठरतो. फोन येत नाही तेव्हा पहिल्या तासाला काळजी वाटते, दुसऱ्या तासाला राग येतो, आणि तिसऱ्या तासाला आपण मनातल्या मनात त्या माणसावर खटला चालवून निकालही देतो. 'त्याला आपली पर्वाच नाही. आता त्याचा फोन आला तरी घ्यावयाचा नाही.' गिलगाल येथे शौल राजाचे असेच झाले. शमुवेलाची त्याने सात दिवस वाट पाहिली. लोक पांगू लागले, धीर सुटला, आणि जे त्याने करावयाचे नव्हते ते, होमार्पण, त्याने स्वतःच उरकून घेतले. ते संपते न संपते तोच शमुवेल येऊन पोहोचला! थोडक्यासाठी शौलाने फार मोठे गमावले. वाट पाहण्याच्या शेवटच्या घटकेला आपण जे बोलतो व करतो, त्याचाच पुढे फार दिवस पश्चात्ताप होतो.

मग वाट पाहणाऱ्याने काय करावे? आपल्या भावाचा आपल्याविरुद्ध अपराध घडला तर आपण होऊन त्याच्याकडे जावे, असे प्रभूने सांगितले आहे. मग आपण होऊन फोन करण्यात कमीपणा कसला? कदाचित तो संकटात असेल. कदाचित आमच्यासारखा लाजेने तोंड लपवून बसला असेल. त्याला मागच्या दाराने जाऊ न देता पुढच्या दाराने बोलावून घेणे, हेही क्षमेचेच काम आहे. काकूंनी आम्हांस त्या सोमवारी चहा दिला, आणि चहानंतर आमच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थनेत त्यांनी दाखल्याचा उल्लेखसुद्धा केला नाही.

आणि शेवटी, आपण सर्वजण ज्याची वाट पाहात आहो, त्याच्याविषयी. आपल्यांतील कित्येकांच्या मनात एक प्रश्न असतो, तो उपासनेत कोणी उघड विचारीत नाही. मी इतकी वर्षे प्रार्थना केली, देवाने उत्तर का दिले नाही? मीही खिडकीत बसून आहे, आणि घंटा वाजत नाही.

बेथानीच्या दोघी बहिणींनी हाच प्रश्न विचारला होता. लाजार आजारी पडला तेव्हा त्यांनी प्रभूला निरोप धाडला. निरोप पोहोचला, प्रभूने तो ऐकला, आणि तो होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला. तो आला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था बाहेर आली आणि म्हणाली की तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागाहून मरीया आली, तीही हेच म्हणाली. ते चार दिवस दोघी बहिणी घरात हेच एक वाक्य बोलत बसल्या असतील. प्रभूने त्यांना दटावले नाही. विश्वास कमी पडला असे तो म्हणाला नाही. तो त्यांच्याबरोबर रडला. मग कबरेपाशी गेला.

देवाच्या विलंबाची सारी कारणे आपल्याला सांगता येत नाहीत, आणि ज्याचे लेकरू दगावले आहे त्याच्यापुढे ती सांगण्याचा प्रयत्नही करू नये. परंतु एवढे खात्रीने सांगता येते : आपण ज्या कारणांमुळे फोन करीत नाही, त्यांतील एकही कारण देवाच्या ठायी नाही. त्याचे भले झाले म्हणून तो आपल्याला विसरत नाही. माणूस लहान म्हणून तो उत्तर टाळीत नाही. आणि 'नाही' म्हणावयाचे त्याला भय वाटत नाही. पौलाने शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली, तेव्हा काटा काही निघाला नाही, पण उत्तर मिळाले, आणि त्या उत्तराबरोबर पुरेशी कृपाही मिळाली.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण महत्त्वाचा नंबर घाईत तळहातावर पेनाने लिहून ठेवतात. कागद हरवेल, पण हात कोठे हरवणार? संध्याकाळपर्यंत घामाने व पाण्याने तो नंबर पुसला जातो, ती गोष्ट वेगळी. यशया संदेष्ट्याच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात, देव आपल्याला विसरला असे म्हणून रडणाऱ्या सीयोनेला देव सांगतो की एखादे वेळी आईला आपल्या तान्ह्या बाळाचा विसर पडेल, पण मला तुझा विसर पडणार नाही, कारण मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेविले आहे. लिहिले असे म्हटले नाही, कोरले असे म्हटले. पुनरुत्थानानंतर प्रभूने थोमाला जे हात दाखविले, त्यांवरील खुणा कोणत्याही पाण्याने पुसल्या जाणार नाहीत. तो पुन्हा येतो म्हणाला आहे, आणि तो येईल.

गेल्या पावसाळ्यात काकूंनी पेन्शनच्या एका कागदाविषयी आम्हांस विचारावयास सांगितले. आम्ही चौकशी केली. काम होण्यासारखे नव्हते. त्याच रात्री साडेआठला आम्ही फोन केला आणि म्हणालो, "काकू, ते काम होत नाही. दुसऱ्या कचेरीत अर्ज द्यावा लागेल."

काकू म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. झोपते आता."

आमच्या मनात अजून ते तीन शब्द आहेत. आपल्या एका लहानशा खऱ्या शब्दाने कोणा एका म्हाताऱ्या जिवाला रात्रीची झोप मिळते. हे लिहून होताच आम्ही फोन उचलून आमच्या वहीत राहिलेले एक नाव काढणार आहो. आपणही हा अंक खाली ठेवाल तेव्हा आपल्या मनाची वही एकदा उघडून पाहा. कोणी तरी खिडकीत बसलेले असेल.

प्रार्थना : हे विश्वासू देवा, तुझा होकार तू ख्रिस्तामध्ये पाळलास, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आम्ही शब्द दिले आणि विसरलो, त्याची क्षमा कर. आमच्यामुळे ज्यांचे दिवस वाया गेले त्यांची भरपाई तू आपल्या कृपेने कर, आणि जे आमच्याकडून होण्यासारखे आहे ते करावयाची बुद्धी आम्हांला दे. आमच्या जिभेला खरेपणा आणि आमच्या 'नाही'ला प्रीती दे. जे आज रात्री कोणाच्या आवाजाची वाट पाहात जागे आहेत, त्यांच्याजवळ तू बस. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.